रोजमेरीच्या वाफ्यातला विटाळ

खिळा मॅडमनी स्वतःच ठोकला. आम्हा बायांपैकी कुणाला सांगितलं असतं तर एका दणक्यात बसवला असता, पण नाही. दोनदा खिळा वाकला, एकदा बोट ठेचलं, आणि मग कुठं कॅलेंडर टांगलं गेलं. जागा कुठली, तर पॅकिंगच्या शेडमध्ये, पॉलिहाऊसच्या दाराला लागून. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडेल अशी. शेजारी सुतळीला बांधलेलं लाल पेन.

"ज्या दिवशी अडचण येईल त्या तारखेवर फुली मारायची आणि खाली नाव लिहायचं," मॅडम म्हणाल्या. "मग चार दिवस आत यायचं नाही. बाहेर क्रेट धुवायचे, खत चाळायचं. हजेरी पुरी मिळेल."

आम्ही चौघी होतो. तिघी खाली बघत होत्या. माझं तोंड कुठं गप्प बसतंय!

"मॅडम, निदान आतल्या भिंतीला तरी लावा. इथं टेम्पो लागतो, गडीमाणसं येतात."

"त्यात लाजण्यासारखं काय आहे, सगुणाबाई? नैसर्गिक गोष्ट आहे ही."

नैसर्गिक म्हणे! नैसर्गिक तर हगणंही असतं, त्याचं कुणी कॅलेंडर लावतं का? पण हे माझ्या मनातच राहिलं, कारण तेवढ्यात मॅडमच्या सासूबाई काठी टेकत आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांनी एकेकीकडं निरखून बघितलं आणि माझ्यापाशी थांबल्या.

"सगुणे, तुझं गेलं ना गं आता?"

"गेलं की. दोन वर्षं झाली."

खोटं. साफ खोटं. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते आणि महिन्याच्या महिन्याला सगळं ठरल्यासारखं चालू होतं. पण चारचौघांत भिंतीवर माझ्या नावाची फुली? मेले असते तरी मारली नसती.

"मग आतली चावी हिच्याकडं ठेव," मोठ्या बाई सुनेला म्हणाल्या. "ही शुद्ध आहे."

अशी मी शुद्ध झाले, आणि चावीबरोबर मुकादमीही आली.

ही गोष्ट जुन्नरच्या अलीकडची, सोळा-सतरा वर्षांपूर्वीची. शलाका मॅडम शेतकी कॉलेजात शिकलेल्या. लग्न होऊन मळ्यात आल्या आणि म्हणाल्या, द्राक्षं पुरे, आता पॉलिहाऊस उभारून मोठ्या हॉटेलांना लागणारा विलायती पाला लावायचा. त्यात सगळ्यांत जास्त रोजमेरी. पण जमीन मोठ्या बाईंच्या नावावर. मोठ्या बाई माळकरी, घरात अंडंसुद्धा चालायचं नाही. मटणावर घालायचा पाला म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी एक गुंठा दिला नसता. मग मॅडमनी डोकं लढवलं. "आई, ही तुळशीच्याच कुळातली आहे. औषधी."

खोटं नव्हतं म्हणे ते. पुस्तकात तसंच आहे. मोठ्या बाईंनी एक शेंडा चुरगळून वास घेतला. वास म्हणजे काय सांगू, कापूर आणि निलगिरी एकत्र कुटल्यावर येईल तसा. पानं सुईसारखी बारीक, वरून हिरवी, खालून पांढुरकी, आणि हाताला असा चिकटणारा तेलकटपणा की साबणानं धुतलं तरी संध्याकाळपर्यंत जायचा नाही. मोठ्या बाईंनी डोळ्यांना लावून हात जोडले आणि जमीन दिली.

तिथंच घोटाळा झाला. तुळशीच्या कुळातली म्हणजे तुळसच की! पहिल्या वाफ्याला रोज हळद-कुंकू सुरू झालं. तुळशीच्या लग्नाला रोजमेरीपुढं चार उसांची खोपी उभी राहिली, चिंचा-आवळे वाहिले. आणि तुळस म्हणलं की पाणी आलं. मोठ्या बाई तांब्या ओतल्याशिवाय चहाला तोंड लावायच्या नाहीत.

रोपं देणारा माणूस मला बजावून गेला होता, "मावशी, ह्याला कोरडं ठेवा. हे उन्हानं मरत नाही, पाण्यानं मरतं." मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे हो मला. पण एका तांब्यानं काय होतंय? आईंचं मन राखावं लागतं."

एका तांब्याची झारी झाली, झारीची नळी झाली. मोठ्या बाईंचा हुकूम, सगळ्या वाफ्यांना सारखं पाणी, देवाच्या झाडात डावं-उजवं नको. पुढच्या वर्षीचा पाऊस सरता सरता रोपांनी माना टाकल्या. शेंडे तपकिरी पडले, मग काळे. मोठ्या बाईंनी एका दिवसात निदान केलं, कुणीतरी विटाळशी आत शिरतेय. म्हणून ते कॅलेंडर. वर शुद्धीसाठी रोज सकाळी गोमूत्राचं पाणी, वाफा न्हाऊन निघेपर्यंत. दुष्काळात तेरावा महिना! उकाड्यात आत पाऊल टाकलं की गोठ्याचा आणि कापराचा एकत्र वास नाकात जायचा.

एकच वाफा टवटवीत होता, माझा. तो अगदी टोकाला, उतारावर. मोठ्या बाईंची काठी तिथवर पोचायची नाही आणि मी नळी मुद्दाम तिकडं न्यायची नाही.

आता गिरजेचं सांगते. गिरजा आमच्यात सगळ्यांत लहान, तेवीसची. लग्नाला तीन वर्षं झालेली, पोर नाही. तिची सासू उघड बोलून दाखवायची, "वर्षाच्या आत पाळणा हलला नाही तर हिला माहेरी घालवते आणि दुसरी बघते." नवरा आईपुढं ब्र काढायचा नाही. आणि आमच्या मालाचा टेम्पो चालवायचा गिरजेचा सख्खा दीर, लहानू. हा लहानू क्रेट भरता भरता ते कॅलेंडर पेपर वाचल्यासारखा वाचायचा. पहिल्या महिन्यात गिरजेची फुली पडली, त्या संध्याकाळीच सासूला बातमी. दुसऱ्या दिवशी पोरीचे डोळे सुजलेले.

दुसऱ्या महिन्यात तारीख आली आणि गेली, गिरजेची फुली नाही. चार दिवस, आठ दिवस, तरी नाही. आमच्यापेक्षा आधी लहानूनं ओळखलं. घरी जाऊन सांगितलं आणि गिरजेचं नशीबच फिरलं. सासूनं हंडा उचलायला मनाई केली. मला एका दुपारी डबा उघडून दाखवला तिनं, "काकी, बघा, शिरा. सासूनं स्वतः केला. तूप किती घातलंय बघा." मला अर्धा दिला. मी खाल्ला. हो, खाल्ला मी तो शिरा.

मग एका सकाळी गिरजेच्या हाताखालची पूर्ण ओळ झोपली. पन्नास रोपं, एका रात्रीत. मोठ्या बाई आल्या, वाफा बघितला, तशाच वळून कॅलेंडरपाशी गेल्या आणि फुल्यांवरून बोट फिरवलं.

"गिरजीची फुली कुठाय?"

लहानू टेम्पोला टेकून उभा होता. दात काढून म्हणाला, "आता नऊ महिने फुली नाही, मोठ्या बाई. आमच्या वहिनीला दिवस गेलेत."

मोठ्या बाई गिरजेकडं बघत राहिल्या. गिरजा कात्रीशी चाळा करत होती.

"दिवस गेलेल्या बाईच्या हातानं झाड डवरतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "हिच्या हातानं जळतंय. सगुणे, हिला मोरीत ने आणि बघ."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय बघू?"

"काय बघू म्हणजे? बाई आहेस ना तू?"

मी मॅडमकडं बघितलं. शिकलेली बाई, आता तरी काही बोलेल. मॅडम मोबाइलमध्ये बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघून घ्या, सगुणाबाई. म्हणजे विषय संपेल."

शेडच्या मागं पत्र्याच्या दाराची मोरी होती. तिथंच फिनेल ठेवायचे, तिथंच गोमूत्राचे कॅन. मी कडी लावली. गिरजेनं माझे दोन्ही हात धरले.

"काकी, नाही म्हणा."

"म्हणजे आहे?"

"काल आलं. मला खरंच वाटलं होतं, काकी. बारा दिवस वर गेले होते. देवाशपथ मला खरंच वाटलं होतं." तिचा आवाज इतका हळू की माझ्याशिवाय कुणाला ऐकू जायचा नाही. "मी सांगणार आहे घरी. दोन दिवसांनी सांगते. पडलं म्हणून सांगते, म्हणजे निदान राहिलं होतं असं तरी होईल. आज लहानूभावजींसमोर नको. तुम्ही नुसतं नाही म्हणा. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे."

विश्वास! माझ्यावर विश्वास का, तर मी शुद्ध. आणि ऐका आता. त्या दिवशी माझाच दुसरा दिवस होता. सकाळपासून कंबर धरून मी काम रेटत होते.

"झालं का गं?" बाहेरून मोठ्या बाईंची काठी पत्र्यावर वाजली. "का मी येऊ?"

ही बाई आत आली, तिनं गिरजेला बघितलं आणि मग माझ्याकडं वळली तर? सगुणे, तू खोटं बोललीस, तर तुझंही बघू. माझी चावी जाईल, मुकादमी जाईल, चारचौघांत शोभा होईल. हे सगळं एवढ्याशा वेळात माझ्या डोक्यात येऊन गेलं. आणि मी काय केलं, सांगू? मी गिरजेचं लुगडं वर केलं आणि बघितलं. आधीच माहीत असून बघितलं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात ना, तसं खरोखरच वाकून बघितलं. माझी बोटं रोजमेरीनं चिकट झालेली, तो वास त्या मोरीत भरून राहिला. शी!

"आहे," मी ओरडले. मोठ्यांदा. टेम्पोपर्यंत जाईल असं.

गिरजा रडली नाही. तिनं लुगडं सारखं केलं. मॅडमनी आम्हा सगळ्यांना लुगड्यावरून घालायला निळे शर्ट दिले होते, पूर्ण बाह्यांचे. गिरजेनं शर्टाची बटणं काढली, शर्ट उतरवला. मी कडी काढायला वळले तर ती माझ्या मागं आली, शर्ट माझ्या कमरेला लावला आणि बाह्यांची पुढून करकचून गाठ मारली.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला लागेल."

मला तो थोबाडीत मारल्यासारखा वाटला. तुम्ही मॅडमचं माणूस, तर मॅडमचा शर्ट तुम्हीच मिरवा, असं. मी तो तसाच बांधून बाहेर आले. गिरजा माझ्या मागं, इतकी लागून की तिच्या पायांची बोटं माझ्या टाचांना लागत होती. मला वाटलं, आता मागून ढकलते की काय.

लहानूचं तोंड पडलं होतं. मोबाइल कानालाच होता. "खोटारडी निघाली," तो फोनवर सांगत होता. "आई, शिरा खाऊन खोटारडी निघाली."

शेडच्या कोपऱ्यापर्यंत गिरजा माझ्या मागं राहिली. मग एकटीच रस्त्याला लागली. त्या संध्याकाळी तिला सासरच्यांनी माहेरी पोचवलं.

मी घरी जाऊन हात घासले. साबणानं घासले, राखेनं घासले, लिंबाच्या सालीनं घासले. वास जाईना. आता माझी नात केसांना लावायला रोजमेरीच्या पाण्याची बाटली आणते, फुसफुस फवारते. तिला म्हणते, बाई गं, अंगणात जाऊन मार काय मारायचं ते. तिला वाटतं म्हातारीला चांगल्या वासातलं कळत नाही.

गिरजा गेल्यावर रोपं तरारली असतील असं वाटतं ना? उलट आणखी दोन वाफे गेले. मोठ्या बाईंनी गोमूत्र वाढवलं. मी शर्ट धुऊन शेडमधल्या खुंटीला अडकवला होता, परत द्यायचा म्हणून. रोज दिसायचा आणि रोज मी तोंड फिरवायची.

नाताळच्या आधी पुण्याहून एका मोठ्या हॉटेलचे शेफ माल बघायला आले. तांडेल नाव. साधा माणूस, हातावर भाजल्याचे जुने डाग. मोठ्या बाईही आल्या, आपली तुळस नेणारा कोण पुण्यवान ते बघायला. मॅडम एकेक वाफा दाखवत होत्या आणि शेफ नाकाला रुमाल लावून चालले होते. शेवटी माझ्या वाफ्यापाशी आले आणि त्यांनी रुमाल काढला. एक शेंडा खुडला, चोळला, वास घेतला आणि दोन पानं तोंडात टाकली.

"हे! असं पाहिजे. हे कुणी केलंय?"

"आमच्या सगुणाबाईंनी," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनीही एक शेंडा खुडून हातात धरला.

"तिचं बंद झालंय ना, म्हणून तिच्या हाताला गुण आहे," मोठ्या बाईंनी शेफना समजावलं. "बाकीच्या मेल्या विटाळ करतात."

शेफचे कान लाल झाले. विषय बदलायला म्हणून ते भराभर बोलायला लागले. "नाताळात आम्हाला हे लागतंच. बोकडाची अख्खी तंगडी घ्यायची, सुरीनं भोकं पाडायची, त्यात लसूण आणि ह्याच्या काड्या खोचायच्या. तीन-चार तास भट्टीत. बटाट्याबरोबर पण फार छान लागतं."

मोठ्या बाई हलेनात. "तंगडी?" त्या म्हणाल्या. "शलाका, तुळस बोकडाच्या तंगडीत?"

मॅडम कसंनुसं हसल्या. "अहो आई, ही तुळस नाहीच. कूळ फक्त एक. तसा पुदिनाही त्याच कुळातला."

मोठ्या बाईंनी तिथंच वाफ्यात थुंकलं. तोंडाला पदर लावला आणि चूळ भरायला नळाकडं धावल्या, काठी तशीच टाकून. आम्ही ओकारीचा आवाज ऐकला. मला दया आली असं सांगितलं तर खोटं होईल.

त्या लांब गेल्यावर मॅडमनी आवाज खाली आणला. "सॉरी हां, शेफ. जुन्या विचारांच्या आहेत. ते विटाळ वगैरे काही नसतं, जास्त पाण्यानं मुळं कुजलीत नुसती. मी निचरा करून घेते, पुढच्या लॉटला त्रास होणार नाही."

"मॅडम," मी म्हणलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"काय?"

"मुळं कुजलीत ते."

"अहो सगुणाबाई, मी शिकलेय हे. पहिल्यापासूनच माहीत आहे." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "पण जमीन आईंची आहे. त्यांचं समाधान नको का व्हायला?"

पहिल्यापासून. म्हणजे कॅलेंडर टांगताना माहीत होतं. मोबाइलमध्ये डोकं घालून बघून घ्या म्हणाल्या, तेव्हाही माहीत होतं. मोठ्या बाई अडाणी, त्यांना खरंच तसं वाटत होतं. ही मात्र सगळं जाणून गप्प होती. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आणि चोर कोण ते हिला पहिल्यापासून ठाऊक.

मी शेजारच्या वाफ्यातलं एक रोप उपटलं. ओढावंसुद्धा लागलं नाही, आपोआप हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत, साल सुटून माझ्या बोटांना लागली. मेलेल्या घुशीचा वास यावा तसा वास. मी ते मॅडमच्या नाकाखाली धरलं.

"घ्या वास. विटाळ विटाळ म्हणता तो हा आहे. ह्याच्यापायी त्या पोरीचं घर मोडलंत."

"सगुणाबाई! गिऱ्हाइकासमोर काय हे!"

"गिऱ्हाइकालाही ऐकू द्या. माझं बंद झालेलं नाही. एक महिना चुकलेलं नाही. मी खोटं बोलले. गिरजेला मोरीत नेलं त्या दिवशी माझा दुसरा दिवस होता, आणि त्याच हातानं दुपारी मी ह्या वाफ्याची छाटणी केली. बघा, जळलाय का?"

आता बघा हं गंमत. बीएस्सी झालेली, विटाळ वगैरे काही नसतं म्हणणारी ती बाई दोन पावलं मागं सरली. हातातला शेंडा तिनं खाली टाकला आणि हात ओढणीला पुसला. एकदा नाही, दोनदा. मी डोळ्यांनी बघितलं. शेफनी तोंडातलं पान थुंकलं नाही, एवढं मात्र सांगते. सावकाश चावून गिळलं.

मी शेडमध्ये गेले. कॅलेंडर खिळ्यासकट ओढलं आणि फाडलं. चावी क्रेटवर ठेवली. खुंटीवरचा निळा शर्ट काढला, परत आत आले आणि तो मॅडमच्या पायाशी टाकला.

"हा गिरजेचा. त्या दिवशीच तोंडावर मारून गेली होती. तुमच्यापर्यंत पोचवायचा राहिला होता."

आणि थुंकले. मोठ्या बाई थुंकल्या होत्या तिथंच.

तिथून तडक गिरजेच्या माहेरी गेले. डोंगराच्या अंगाला वाडी आहे, एसटी सोडून तासभर चालायचं. वाटेत काय बोलायचं ते सगळं जुळवलं होतं. पाया पडेन म्हणलं, वयाचं काय घेऊन बसायचं.

गिरजा अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिच्या आईनं मला बघितलं आणि न बोलता आत निघून गेली. गिरजेनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बसा, काकी."

"सासरचं कुणी आलं होतं?"

"नाही. यायचंही नाही." तिनं सूप जवळ ओढलं. "तुम्ही कशाला एवढं चाललात?"

मी सगळं सांगितलं. शेफ, तंगडी, मोठ्या बाईंची ओकारी, ते ऐकून तिला थोडं हसूही आलं. मग मी म्हणलं, "गिरजे, एक गोष्ट तुला माहीत नाही. तुला आत नेलं ना, त्या दिवशी माझाही दुसरा दिवस होता. मी स्वतः तशी असताना तुला बघितलं. आज सगळ्यांपुढं सांगून आले."

ती शेंगा सोलतच राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मागं लुगड्याला हा एवढा डाग होता." तिनं ओल्या बोटांनी वीतभर माप दाखवलं. "तुम्ही कडी काढायला वळलात तेव्हा बघितला."

त्या संध्याकाळी मी लुगडं न बघताच बादलीत टाकलं होतं.

"मग तो शर्ट..."

"बाहेर लहानूभावजी उभे होते ना. आणि मोठ्या बाई. काय करणार मग? तुमच्या मागं मागं चालत आले की कोपऱ्यापर्यंत." तिनं एक किडकी शेंग निवडून बाजूला टाकली. "म्हणलं, एकीचं झालं तेवढं बास."

आतून तिच्या आईनं चहा ठेवल्याचा आवाज आला. गिरजेनं माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं.

"शर्ट आणलाय का, काकी? शेंगा तोडताना अंग खाजतं. मला झाला असता."

"नाही आणला," मी म्हणले.